भादवी पोळ्याची खेप

ती. श्रीधरदादास,

नारायण पेठेतून धाकट्या बहिणीचा, सुनीतीचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? (रोज पर्वती चढतोस म्हणजे उत्तमच असणार. लक्षात ठेवलं आहे.) फोनवर तू मध्येच हसतोस, म्हणून पत्र.

शाळेतून निवृत्त होऊन मी टेम्पो घेतला तेव्हा तू म्हणाला होतास, नदीत माल पोचवणं हे मास्तरणीचं काम नव्हे. त्याच दिवशी ठरवलं, पोचवीन तर नदीतच. दौंडच्या पुढे भीमेच्या पात्रात वाळू काढणाऱ्यांचा तळ आहे. मंडईतली भाजी आणि गिरणीतलं पीठ तिथे न्यायचं. पात्रात टेम्पो रुततो, म्हणून शेवटचा पल्ला काठावरच्या दत्तोबांच्या बैलगाडीतून. तळावरचा मुकादम रंगराव याने बजावलं होतं, की सर्वपित्री अमावास्येला पीठ आलं नाही तर पुढचा माल दुसऱ्याकडून. मजुरांचे डबे रिकामे होते, तेव्हा त्याचंही काही चुकलं नाही.

आता पोळ्याला बैल जुंपत नाहीत, एवढं मलाही कळतं. (त्यावर दरवर्षी निबंध घालत असे.) पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेप्रमाणे पोळा श्रावणातच होऊन गेलेला, म्हणून मी निर्धास्त. अमावास्येला सकाळी पोचले, तर दत्तोबा बैलांना नदीवर अंघोळीला काढत होते.

"अहो बाई, आमच्याकडं भादवी पोळा असतोय. आज बैलांच्या मानेवर जू न्हाय."

मी मोबाइलमधली दिनदर्शिका दाखवली. बैलांवर काही परिणाम झाला नाही.

गाडी मात्र त्यांनी दिली. मग मी पदर खोचला, जुवाची एक बाजू धरली आणि दुसरी सोबत आलेल्या आमच्या ह्यांना दिली. (अवधूतरावांनी आधी आकाशाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. आकाशाकडून काहीच आलं नाही.) थोडी थोडी पोती घालून खेपा केल्या. मागून बैल मोकळ्या मानेने रमतगमत येत होते. वाटेत लोक हात जोडत होते. कोणाला, ते मी विचारलं नाही. शेवटचं पोतं उतरलं तेव्हा रंगरावाने स्वतः पोती मोजली. मग म्हणाला, "फुडचा माल बी तुमचाच, बाई." मला रडू आलं, ते घामात खपून गेलं.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
सुनीती

ता. क. ह्यांची कंबर धरली आहे.

आणखी ता. क. शनिवारी पुन्हा खेप आहे. पोळा संपला, पण दत्तोबा सांगतात, बैल आता जू दिसलं की खाली बसतात आणि आमची वाट पाहतात. जुने बूट घालून ये, वाळू तापते. पर्वतीएवढा चढ मुळीच नाही.