न धुतलेले बूट

वॉशिंग्टन, ४ जून

ती. व्हर्डेल आत्यास ब्रियानाचा लांबूनच, पण अगदी वाकून नमस्कार.

पोचले. खोली मिळाली, पंखा मिळाला, पगार मिळणार नाही. इंटर्नशिप म्हणजे आम्ही दहा जणांनी उन्हाळाभर फुकट राबायचं आणि शेवटी आमच्यातल्या एकाला कॉलेजनंतरची पक्की नोकरी. संस्थेचं नाव ‘न्याय्य उद्या’. वंशभेद संपावा म्हणून सरकारी धोरणं बदलायची, हे काम. आजवर कुठलं बदललं, असं मी विचारलं तर सगळे माझ्याकडे बघून कौतुकाने हसले.

रोज सकाळी गोल करून बसायचं आणि मनावरचं ओझं सांगायचं. एकाने आपल्या श्रीमंत आजोबांच्या चैनीच्या बोटीबद्दल माफी मागितली. मी आपल्या मलबेरी गल्लीचं सांगितलं. पाऊस पडला की नडगीएवढं पाणी, आणि रविवारी तुम्ही बायका रबरी बूट घालून, चांगले बूट पिशवीत घेऊन चर्चला जाता ते. आमच्या संचालिका मेरेडिथबाई छातीवर हात ठेवून रडल्या. बाई गोऱ्या, त्यामुळे नाक लालबुंद झालं. शेजारची मुलगी कुजबुजली, की पहिल्याच दिवशी बाईंना रडवलंस, नोकरी तुझीच. आत्या, मला ती हवी आहे ग. कॉलेज संपल्यावर हात हलवत घरी यायची फार भीती वाटते.

तुझी माया आहेच. तिच्या सोबतीला पीचचा एखादा डबा आला तर नाही म्हणणार नाही.

तुझी ब्री

कोल्टन्स फेरी, जॉर्जिया, १२ जून

चि. ब्री हिला भरपूर आशीर्वाद. त्यातला निम्मा भाग नीट जेवलीस तरच लागू होईल.

माणसांना रडवायला वॉशिंग्टनला कशाला जायला हवं होतं? इथेही मी गणिताचा पेपर काढला की पोरं रडायची. असो. त्या बाईंना पाणी का साठतं तेही सांगितलंस का? आपल्या गल्लीखालचा पावसाचं पाणी वाहून नेणारा पाइप तुझ्या आजोबांच्या वेळचा. रुळांपलीकडच्या गोऱ्या वस्तीतला दोनदा बदलला, आपला एकदाही नाही. विचारलं की जिल्हा मंडळ म्हणतं, पुढच्या वर्षी.

आता मात्र घाट घातलाय. येत्या बारा ऑगस्टला मंगळवारी मंडळाची बैठक आहे. आपला पाइप यंदाच्या कामांत घ्यायचा की नाही यावर मतदान होईल. पाद्रीबुवांनी तीन मिनिटं बोलायची वेळ मागून घेतलीय. पण अध्यक्ष टॉलिव्हर भलता खट. त्याचं म्हणणं, गाऱ्हाणी पुष्कळ ऐकली, आता नकाशा घेऊन कुणीतरी जाणता माणूस उभा करा. तुझं ऑफिस तर जाणत्यांनी ओसंडतंय. त्यातला एक पाठव. जेवणखाण माझ्याकडे, कोंबडी तळीन.

आणि मला मागे लागायला न लावता पाठव. मला आर्जवं करता येत नाहीत.

लोभ भरपूर आहे, फार ताणू नकोस.

तुझी आत्या

वॉशिंग्टन, १४ जुलै

ती. आत्यास नमस्कार. उशीर झाला म्हणून त्यातच दोन जास्तीचे.

तुझा निरोप मेरेडिथबाईंना सांगितला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. मग म्हणाल्या की पाइप हे नुसतं लक्षण आहे, आपण मुळाशी काम करतो. संस्था पाइप बसवत नाही, पाइपविषयी संवाद घडवते. मी म्हटलं, तीन मिनिटांचा संवादच तर हवाय. त्यावर त्यांनी माझी तळमळ ऐकू येते असं सांगितलं आणि दुसऱ्या बैठकीला गेल्या.

आता ऐक आणि रागावू नकोस. देणगीदारांची मोठी मेजवानी आहे, तीही बारा ऑगस्टलाच. तिचं नाव ‘चिखलातली पावलं’. म्हणजे तू. प्रत्येक टेबलावर नवे कोरे रबरी बूट आणि त्यांत सूर्यफुलं. मधोमध काचेच्या पेटीत तुझे खरे बूट. बाईंनी बजावलंय की ते न धुता पाठवावेत. लहानपणी कधी अनवाणी होतीस का, तेही विचारलंय. मी नाही म्हटलं तर त्यांचा चेहरा एवढासा झाला.

पाहुण्यांना तुझी कहाणी मी सांगायची आहे. त्यानंतर नोकरी जाहीर होईल, असं सगळेच धरून चाललेत. तू इथे असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही.

माया पातळ करू नकोस.

ब्री

कोल्टन्स फेरी, २८ जुलै

चि. ब्री, आशीर्वाद, कारण ते द्यायची सवय आहे.

बूट पाठवलेत. धुऊन, पुसून, आत कागद भरून. मळलेले बूट परगावी पाठवायला मी काय लाज सोडलीय? अनवाणी मी तळ्यावर मासे धरताना असायची आणि फार मजेत असायची, हे तुझ्या बाईंना अवश्य कळव.

रविवारी धो धो पाऊस झाला. घरात दुसरे रबरी बूट नाहीत. दारापर्यंत गेले, पाणी पाहिलं आणि परत फिरले. पांढरा पोशाख, हातमोजे, सगळं चढवलेलं. चर्चच्या दारात माणसांना जागा दाखवायला आम्ही सहाजणी उभ्या राहतो ना, त्या दिवशी पाचजणी होत्या. मी स्वयंपाकघरात बसून गाणी ऐकली. लांबून नीट ऐकू येत नव्हती. मला रडू आलं, ब्री. हे तुमच्या त्या गोलात सांगायचं नाही.

जाणता माणूस मिळाला नाही. पाद्रीबुवा स्वतः बोलणार म्हणतात. म्हणजे तीन मिनिटांत ते बायबलातल्या महापुरापर्यंत, नोहाच्या तारवापर्यंत पोचतील आणि टॉलिव्हर घंटी वाजवील. बारा तारखेला तू कुठे असावंस हे मी सांगणार नाही. नोकरी तुला हवी आहे आणि ती हवी असण्यात काही चूक नाही. सांगणार नाही म्हणजे नाही.

आत्या

वॉशिंग्टन, ८ ऑगस्ट

ती. आत्यास,

नमस्कार प्रत्यक्षच करीन, म्हणून इथे लिहीत नाही.

तुझे बूट बघून मेरेडिथबाई पुन्हा रडल्या. इतके स्वच्छ बूट देणगीदारांना कसे दाखवायचे? मग त्यांनी बागकामाच्या दुकानातून पिशवीभर माती मागवली. वर छापलं होतं, उत्तम प्रतीची, दगडविरहित. ती कालवून बुटांना लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण म्हणे तो चिखल मला आतून माहीत आहे.

ऑफिसच्या स्वयंपाकघरात मी एका बुटाला चिखल थापला. टाचेपाशी तू आत घडी करून भरलेला कागद हाताला लागला. तू किती घासले असशील ते बूट! मला स्वतःची इतकी शरम वाटली ग, की नळ सोडला आणि तो बूट तिथेच धुऊन काढला. बाई आत आल्या. मी त्यांना सांगितलं की आत्याला हे बूट लागतात. त्या म्हणाल्या की माझी वेदना त्यांना ऐकू येतेय, पण ही जागा वेदनेतून पुढे जाणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे नोकरी गेली. थोडं रडले, खोटं कशाला सांगू?

रुळांच्या दोन्ही बाजूंच्या पाइपांचा नकाशा मी जुलैतच काढून ठेवला होता. कुणी मागितलाच नाही. तो आणि तुझे बूट घेऊन सोमवारच्या बसने येते. बोलताना मला तू समोर हवी आहेस. तू पहिल्या बाकावर बस.

ब्री

वॉशिंग्टन, २ सप्टेंबर

आदरणीय श्रीमती व्हर्डेल,

सप्रेम वंदन. तुमच्या पाइपला मंजुरी मिळाल्याचं कळलं. अभिनंदन!

मात्र या घडामोडीमुळे एक अडचण निर्माण झाली आहे. तुमच्या गल्लीतल्या पाण्याचा तीन वर्षं अभ्यास करण्यासाठी आम्हाला मेजवानीतून भरघोस निधी मिळाला आहे. पाणीच साठणार नसेल तर तुमची कहाणी आम्हाला जड अंतःकरणाने थांबवावी लागेल. आसपास पाणी साठणारी दुसरी गल्ली तुमच्या माहितीत असल्यास कृपया कळवावं. तिथे एखाद्या वयस्कर, मोकळेपणी बोलणाऱ्या बाई असल्यास उत्तम.

आपल्या बुटांची काचपेटी रिकामी आहे. ते परत मिळाल्यास ऋणी राहू.

आपली स्नेहाकांक्षी,
मेरेडिथ

कोल्टन्स फेरी, ९ नोव्हेंबर

चि. ब्री हिला अनेक आशीर्वाद. या खेपेला कसलीही अट नाही.

कॉलेजात जेवतेस ना? मेरेडिथबाईंचं पत्र सोबत पाठवतेय, दाढ दुखत असेल तेव्हा वाच. मी त्यांना उलट कळवलं की एक गल्ली माहीत आहे, पण तिथल्या बायकांनाही बूट लागतात.

तू बोललीस त्याची गल्लीत आता पार पुराणकथा झालीय. आता म्हणे तू टेबलावर मूठ आपटलीस आणि टॉलिव्हरला घाम फुटला. तू तर नकाशा उलटा धरला होतास आणि अध्यक्षांनीच तो सरळ करून दिला, हे मला दिसलं होतं. तुझा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही. मी कुणाला दुरुस्त करत नाही. मला दोन्ही कहाण्या आवडतात.

पाइप गेल्या आठवड्यात पुरा झाला. आज रविवार, आणि पहाटेपासून मुसळधार. आम्ही सहाही जणी सवयीने रबरी बूट चढवून, पिशव्या घेऊन बाहेर पडलो. रस्ता नुसता ओला. एकमेकींच्या पायांकडे बघत उभ्या राहिलो आणि अशा हसलो, की पाद्रीबुवा दारात येऊन काय झालं विचारू लागले.

सणाला भाजलेली टर्की आणि भट्टीतली रताळ्याची गोड ‘पाई’ तुझी वाट बघतील. मीही बघीन, पण ते कुणाला सांगू नकोस. माया होती तेवढीच आहे, वाढायला जागा उरलेली नाही.

येताना चांगले बूट आण. पिशवीत नको, पायात.

तुझी आत्या