नोमानमामांचा अंगठा

दुम्यात, इजिप्त, शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

आदरणीय नोमानमामांस रिफअतचा सलाम आणि आईचे आशीर्वाद (तुम्ही तिचे धाकटे भाऊ म्हणून आशीर्वाद, फटके तिने वेगळे राखून ठेवले आहेत). अल्लाहच्या कृपेने इकडे सर्व खुशाल. तुमचे गुडघे कसे आहेत? कुवेतच्या गारेगार खोल्यांत ते धरतात असं तुम्ही म्हणाला होतात. आईचा निरोप असा की दुम्यातच्या दमट हवेत ते मोकळे होतील. बाकीच्या अंगाला सवड नसेल तर नुसते गुडघे पाठवले तरी चालेल. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोन वाजला की आई शेजारी येऊन बसते, आणि पुढचा मजकूर तिच्या कानांवर पडण्याजोगा नाही.

सगळं सुरू झालं आईच्या मोतीबिंदूपासून. डोळ्यांवरचा पडदा गेला आणि तिला जगातली सगळी धूळ एकदम दिसू लागली. आधी माझ्या बायकोने घासलेल्या भांड्यांवर, मग माझ्या कॉलरवर, आणि शेवटी नजलाच्या लग्नाच्या व्हिडिओवर. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपलेच डोळे अधू म्हणून चित्र धुरकट दिसतं. (बहिणीच्या लेकीचं लग्न म्हणून तुम्ही कुवेतहून नवाकोरा कॅमेरा आणून ते चित्र काढलंत, आणि अर्धा वेळ तुमचा अंगठा भिंगावर होता. हे सगळ्या खानदानाला ठाऊक आहे. तुमच्यासमोर आजवर कुणी बोललं नाही, इतकंच.) कॅसेट मी चार वर्षांपूर्वी संगणकात उतरवून घेतली, आणि लगेच ती यंत्रात अडकून तिच्या शेवया झाल्या. म्हणजे उरलं ते संगणकातलंच. त्यात बाबा आहेत. नजलाचं फर्निचर गाड्यांवरून मिरवत नेताना स्वतः केलेल्या कपाटापुढे उलटे चालत, आरशाला जपा म्हणून ओरडणारे. त्यांचा दुसरा फोटो ओळखपत्रावरचा, ज्यात ते नुकतेच पकडले गेल्यासारखे दिसतात. आईला एकदा तरी त्यांचा चेहरा स्वच्छ बघायचा होता, दुसरं काही नाही.

म्हणून मी फिक्रीकडे गेलो. हा पूर्वी लग्नात फोटो काढायचा, आता जुनी चित्रं सुधारतो. त्याने समजावलं की संगणकाने लाखो चेहरे पाहिलेले असतात, आणि चित्रात जिथे कमी पडतं तिथे तो आपल्या पदरचं घालतो. मला यात काहीच वावगं वाटलं नाही. आपण दुम्यातचे सुतार. लाकडात भोक दिसलं की लांबी भरायची, वर पॉलिश मारायचं आणि कैरोच्या गिऱ्हाइकाला अखंड लाकूड म्हणून विकायचं, यातच आपला जन्म गेला. माणसाचा चेहरा म्हणजे कपाटाचं दार नव्हे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आठवड्याने सुधारलेलं चित्र आलं. रेघा गेल्या, रंग उजळले, नजला मेणाची झाली. पण मामा, तुमचा अंगठा! संगणकाला तो चेहरा वाटला आणि त्याने त्याला नाक-डोळे दिले. आता मिरवणुकीत, जेवणात, निरोपाच्या वेळी एक टक्कल पडलेले गृहस्थ अगदी जवळ उभे राहून समाधानाने हसत असतात. नजलाची सासू म्हणते तुमच्याकडचे, आम्ही म्हणतो तुमच्याकडचे. मेंदीच्या रात्री बायकांच्या बैठकीतही ते आहेत, आणि एकोणतीस वर्षांच्या संसारानंतर जावई नजलाला विचारतोय, हे कोण.

आणि बाबा. आई चहा घेऊन बसली होती, घरातच म्हणून ओढणी खांद्यावर. बाबा आले. पुढचा तुटका दात उगवलेला, मिशी कातरलेली, केसांतला लाकडाचा भुसा कचरा समजून साफ केलेला. आईने पेला खाली ठेवला आणि ओढणी कपाळापर्यंत ओढून घेतली. म्हणाली, "रिफअत, घरात परका पुरुष आहे, आधी सांगायचं नाही का?"

मी सांगितलं, हे बाबा आहेत. "तुझ्या बाबांना मी एकोणचाळीस वर्षं अक्कलदाढेपर्यंत ओळखत होते," ती म्हणाली. "हा कुणीतरी दुकानदार आहे."

फिक्रीने दुसऱ्यांदा दात तोडला, तो भलत्या बाजूचा. तिसऱ्यांदा त्याने ओळखपत्रावरचा चेहरा वापरला, तेव्हा बाबा पोरीच्या मिरवणुकीत पोलिसांनी आणल्यासारखे चालू लागले. ओढणी काही उतरेना. शेवटी वैतागून मी जुनं, न सुधारलेलंच लावलं. रेघा, धुरळा, आणि मध्ये पिठात बोट फिरवल्यासारखा बाबांचा चेहरा. आईने ओढणी खांद्यावर सोडली, हाताने केस नीट केले आणि पडद्याला सांगितलं, "आरसा नाही हो फुटला. अजून आहे नजलाकडे."

असो. फिक्रीसारख्यांच्या हाती आपली माणसं देऊ नयेत, एवढाच धडा. सोबत आईने मिशब्बक पाठवली आहे, गोड बेताने खा.

तुमचा भाचा,
रिफअत

ता.क. फिक्रीला उगाच बोल लावला. जुनं जपून ठेवा, असं त्याने तीनदा बजावलं होतं. चौथ्या खेपेला तरी बाबा जमतील असं वाटलं, आणि त्या सुधारणेला जागा हवी म्हणून दुसऱ्याच दिवशी मीच ते पुसून टाकलं. आईला ठाऊक नाही. ती रोज चहानंतर "ते धुरकट लाव" म्हणते, आणि मी संगणक आजारी असल्याचं सांगतो. तुम्ही लग्नानंतर त्याच चित्राची एक कॅसेट कुवेतला नेली होतीत. असेल तशी पाठवा. पुसू नका, सुधारू नका, वरची धूळसुद्धा राहू द्या.

आणखी ता.क. जुनं चित्र चालू असताना मी आईला म्हटलं होतं, निदान मामांचा अंगठा तरी कापून टाकू. ती म्हणाली, "राहू दे. अकरा वर्षं माझ्या भावाचा तेवढाच घरी येतो."