कलिंगड नंबर सात

२ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. सोसायटीतली पोरं व्हेपच्या तावडीतून कोणी सोडवली असं उद्या कोणी विचारलं, तर नोंद हवी. वाचणारा मी एकटाच, तेव्हा नम्रता बाजूला ठेवतो.

काल जिन्याखाली ते यंत्र सापडलं. दिसायला पेनासारखं. आत गोड वासाचं पाणी आणि निकोटिन. ओढायचं, वाफ सोडायची, आईबापांना पत्ता नाही. लगेच मीटिंग झाली. कमिटीचा अध्यक्ष मी. एकमताने. (दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, पण त्यालाच एकमत म्हणतात.)

माझ्याइतका लायक माणूस इथे आहे कोण? बावीस वर्षं एसेन्सच्या फॅक्टरीत आहे. बिस्किटांचे, सिरपचे, टूथपेस्टचे फ्लेवर मी जुळवतो. वास घ्यायचा पगार घेतो. कुठलं पोर काय ओढून आलंय, हे मला लिफ्टमध्येच कळेल.

बायको म्हणाली, उगाच नाकाने कांदे सोलू नकोस. सार्वजनिक कामाची तिला आवडच नाही.

५ जून
कमिटीची पहिली बैठक. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई फार बोलल्या. म्हणे ही यंत्रं पेन, पेनड्राइव्ह, लिपस्टिक, कशाच्याही रूपात येतात, या वयात निकोटिनची सवय फार लवकर लागते, छातीवर परिणाम होतो, डोकं ठिकाणावर राहत नाही. पोरांना सोडायचं असतं, पण सांगणार कोणाला? आठवड्यातून एक दुपार त्या दवाखाना उघडा ठेवतील. शिक्षा नाही, नावं कळवणं नाही, आईबापांना आत प्रवेश नाही.

मी आभार मानले आणि तो मुद्दा पुढच्या टप्प्यात टाकला. आधी धाक, मग लाड.

८ जून
छापा! संध्याकाळी गेटवर उभा राहिलो. मी आणि वॉचमन. सगळ्यांच्या बॅगा, खिसे. वॉचमन खाली मान घालून उभा होता. पोरांसमोर संकोचला असेल.

जप्त माल: पेनड्राइव्ह, एक लिपस्टिक, एक जाड पेन. पेनातून सुई निघाली. मी हादरलोच. मग सेक्रेटरी धावत आले. ते त्यांच्या वडिलांचं शुगर तपासायचं पेन होतं, नातू दुरुस्तीला घेऊन चालला होता. मी म्हटलं, मोठ्या कामात असं होतंच. ते पाठ फिरवून निघून गेले. पटलं असावं.

छकुलीची बॅग मी स्वतः तपासली. आपल्या मुलीला सूट दिली असं कोणी म्हणायला नको. कंपासपेटी, वह्या, गुलाबी हायलायटर. तिचा चेहरा पडला. सगळ्यांसमोर लाज वाटली असणार. हायलायटर मी परत पेटीत नीट ठेवला.

११ जून
छकुलीला खोकला. कोरडा. हवा बदलली की होतो.

बायको म्हणाली, तिच्या खोलीत कलिंगडाचा वास येतो. मला हसू आलं. अगं, तो माझ्या शर्टाचा! फॅक्टरीतून मी रोज काही ना काही अंगावर घेऊन येतो. छकुली लहान होती तेव्हा दारातच शर्ट हुंगून ओळखायची, आज संत्रं, आज व्हॅनिला. आता साडेपंधरा वर्षांची झालीय. दारात येत नाही.

बायको म्हणाली, रविवारीही येतो. मी म्हटलं, पडद्यात मुरला असेल. तिने पडदे धुतले. वास आहेच. साबण हलका असावा.

१३ जून
माझ्या लॅपटॉपला छकुलीचा पेनड्राइव्ह लावलेला दिसला. काढायच्या आधी नियमाप्रमाणे स्क्रीनवरून बंद करायला गेलो, तर त्यात काही दिसेचना. नुसता एक बारीक दिवा लागलेला. खराब झाला असावा. तिला तसं सांगितलं आणि नवीन आणून देतो म्हटलं. तिने तो माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. आजकाल चिडचिड फार. वय.

१६ जून, फॅक्टरी, जेवणाची सुट्टी
आनंदाची बातमी. माझ्या कलिंगड नंबर सातची ऑर्डर तिपटीवर गेली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. नंबर सात ही माझी खरी कमाई. नुसता गोडवा दोन मिनिटांत नकोसा होतो. मी त्यात सालीचा हिरवट वास टाकला, चिमूटभरच. आत्ता सुरी फिरवल्यासारखं वाटतं.

गिऱ्हाईक बाहेरचं आहे. त्यांना आता नवीन नमुना हवाय. घशाला टोचायला नको, गार आणि गुळगुळीत हवा. लहान मुलांची टूथपेस्ट असणार. बिचाऱ्यांचे घसे नाजूक असतात. गिऱ्हाइकाच्या पोटात शिरायची मला सवय नाही.

१९ जून
मोहीम फत्ते. बागेत आता एक पोर दिसत नाही. कट्टा रिकामा, बास्केटबॉलचं अंगण रिकामं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरं सुधारली नाहीत, गच्चीत टाकीमागे गेलीत. मी लगेच गच्चीला कुलूप लावलं. त्या म्हणाल्या, आता कुठे जातील तेही कळणार नाही. डॉक्टर लोकांना काळी बाजूच आधी दिसते.

सेक्रेटरींनी वडिलांचं पेन परत मागितलं. जप्तीच्या खोक्यात सापडत नाहीये.

२१ जून, संध्याकाळ
लिफ्ट बंद होती. छकुली आणि मी जिना चढत होतो. तिसऱ्या मजल्यावर ती पायरीवर बसली. छातीवर हात, चेहरा पांढराफटक, बोलताच येईना. मला फार भीती वाटली. तिच्या पाठीवरून हात फिरवत मी नुसता छकुली, छकुली म्हणत होतो. एरवी या नावावर ती खेकसते. आज माझा हात घट्ट धरून ठेवला.

नंतर शांतपणे विचार केला. अशक्तपणा. खाणं कमी, मोबाइल जास्त. उद्यापासून दूध आणि खजूर. शाळेच्या बास्केटबॉल टीममधून तिने नाव काढून घेतलंय, कंटाळा येतो म्हणते. बरंच झालं, अभ्यासाला वेळ मिळेल.

२५ जून
कीर्ती पसरली! छकुलीच्या शाळेतून फोन. मुख्याध्यापिकाबाईंनी व्हेपवर बोलायला बोलावलंय. शुक्रवारी. भाषण लिहून काढलं आणि आरशासमोर दोनदा म्हटलं. मुद्दा पहिला: पालकांनो, डोळे उघडे ठेवा. छकुलीला वाचून दाखवणार होतो. ती बाथरूममध्ये. बराच वेळ.

२७ जून, संध्याकाळ
जमेल तसं लिहितो.

बाईंनी मला भाषणाच्या आधी लवकर बोलावलं होतं. मला वाटलं, चहापाणी. टेबलावर ट्रेमध्ये शाळेत जप्त झालेली यंत्रं होती. बाई काही बोलणार, तेवढ्यात मी एक गुलाबी उचललं. सवयच. नाकाशी नेलं.

पहिला विचार लिहून ठेवतो, कारण तो आला होता: वा, साल टिकलीय.

मी बाईंना उत्साहाने सांगितलं, की हा नंबर सात, आमचा, म्हणजे माझाच. वाफेत गेला तरी हिरवा वास कसा उडत नाही, तेही समजावलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, मी तुम्हाला लवकर यासाठी बोलावलं, की तुमच्या हातात आहे ते तुमच्या मुलीचं आहे. काल तासाला बसवेना म्हणून बाथरूममध्ये ओढताना सापडली.

हायलायटर. तोच. मी स्वतः पेटीत ठेवलेला.

भाषण झालं नाही. हॉलमध्ये पोरं आणि पालक जमले होते, त्यांना परत पाठवलं.

छकुली घरी रडली नाही. मीच रडलो. ती म्हणाली, वर्ष झालं. सोडून बघितलं, डोकं फुटायची वेळ येते, मग परत. मी विचारलं, पहिल्यांदा घेताना भीती नाही वाटली? ती म्हणाली, नाही ना बाबा. मैत्रिणीने दिलं, तर घरचा वास आला.

 

२९ जून
नाक मुठीत धरून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. छकुलीला तपासलं. म्हणाल्या, थांबली तर छाती बहुतेक सुधारेल. पण थांबणं सोपं नाही. चिडेल, रडेल, घसरेल. ओरडू नका. कळलं, की छकुली त्यांच्याकडे आधीच एकदा येऊन गेली होती. घरी सांगू नका, म्हणाली होती. मी त्या दिवसांत गेटवर बॅगा तपासत होतो.

१ जुलै
दवाखान्याची पहिली दुपार. खोली भरून पोरं. अध्यक्षांना प्रवेश नाही. मी बाहेर उभा राहून जप्त केलेले पेनड्राइव्ह परत केले. एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. गच्चीचं कुलूप सेक्रेटरींनी काढलं. संध्याकाळी मोठ्या माणसांनी आळीपाळीने पोरांबरोबर बास्केटबॉल खेळायचा, असंही ठरलं. माझी पाळी अजून लावलेली नाही.

३ जुलै, फॅक्टरी
साहेबांना विचारलं, नंबर सात कुठे जातो? ते चकित झाले. म्हणाले, अहो, व्हेपवाल्यांकडेच, पॅकिंगच्या पोरांनाही ठाऊक आहे. तुम्ही कधी विचारलं नाहीत.

राजीनामा लिहिला. खिशात आहे. तो नवीन नमुना तेवढा अर्धवट होता, गार आणि गुळगुळीत. अर्धवट काम टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही. पुरा केला. उत्तम उतरला. राजीनामा सोमवारी.

७ जुलै
आज सोमवार. साहेब सुट्टीवर होते.

छकुलीने आठवडाभर ओढलेलं नाही. एक बशी फोडली, आईला नको ते बोलली, मग तिच्याच कुशीत शिरली. मी जवळ जाऊन बसलो, तर उठून गेली. नंतर बायकोजवळ निरोप दिला: बाबा घरी आला की मला ओढावंसं वाटतं. त्याचा वास येतो.

उपाय सोपा आहे. फॅक्टरीतच आंघोळ, बिनवासाचा साबण, नवे कपडे. वासातलं मला कोण शिकवणार?

९ जुलै, संध्याकाळ
दोनदा आंघोळ केली. कोरा शर्ट, कोरी पँट, चप्पलसुद्धा नवी. जिन्यात थांबून कॉलर हुंगली, बाही हुंगली, तळवे हुंगले. शून्य. छातीठोकपणे आत गेलो.

छकुली सोफ्यावर सिनेमा बघत होती. मी शेजारी बसलो. तिने मुठी आवळल्या. प्रयत्न करत होती, मला दिसत होतं. मग म्हणाली, सॉरी बाबा, येतोय. आणि स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन उभी राहिली.

मी म्हटलं, शक्यच नाही, कपडे कोरे आहेत. बायको आतूनच म्हणाली, कपड्यांना नाही येत. तुझ्या अंगाला येतो. किती वर्षं झाली.

बाल्कनीत येऊन बसलो. मनगट नाकाशी धरून खूप वेळ जोरजोरात श्वास घेतला. मला काहीच वास आला नाही.