बिनधुराची गाडी

पहूर, ता. ९ जानेवारी १९९४

चि. गिरधर यास पहूरहून मंजुळाबाईचे अनेक आशीर्वाद.

ओळख पटावी म्हणून सांगते: मी तुझ्या बापाची आई. बुटकी, सावळी, पुढचे दोन दात शाबूत. दिवाळीपासून तीन कार्डं टाकली, उत्तर एकाचंही नाही, तेव्हा तू मला विसरलास असं धरून चालले आहे. अक्षराला दोष देऊ नकोस. कार्डं बन्सीलालभाऊंनी लिहिली, ते तीस वर्षं पोस्टात होते. मला लिहिता येत नाही, पण न आलेली उत्तरं मोजता येतात.

तुझी खबर मला परक्यांकडून कळते. दवाखान्याची जुनी मेटॅडोर तू लिलावात घेतलीस, तिच्यात खाट आहे, पाण्याची टाकी आहे, हे ऐकून बरं वाटलं. परवा कळलं की तिचं इंजिन तू काढून अंगणात ठेवलंस आणि तुझी आई त्यावर ज्वारीचे बिबडे वाळवते. खरं का? इंजिन काढलेली गाडी म्हणजे नुसती खोली. खोलीच हवी होती तर पिंप्राळ्यात भाड्यानं मिळाली असती.

आता खरी गोष्ट. माझी थोरली बहीण, धुळ्याची भागाबाई, मोरीत पाय घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. या वयात ते जुळत नाही म्हणतात. खाटेवर आहे. अकरा वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. तिला आता हलवता येत नाही, आणि माझा दमा तुला माहीत आहे. मागच्या खेपेला डिझेलच्या वासानं नेरी यायच्या आत जीव घाबरा झाला आणि कंडक्टरनं मला उतरवून लिंबाखाली बसवलं. आगगाडीचं इंजिनही धूर ओकतच येतं. भागाबाईचा निरोप आलाय, आमच्या माहेरच्या बोलीत: मना बठ्ठा दात पडी ग्यात, पन वाट देखाले डोया शेतस. दात सगळे पडले तरी वाट बघायला डोळे आहेत म्हणते, तिला मी काय उत्तर देऊ, तूच सांग.

लोभ असेल तर तसाच ठेव, नसेल तर या पत्रापासून सुरू कर.

तुझी आजी
मंजुळाबाई (अंगठा)


पिंप्राळा, जळगाव, ता. २० जानेवारी १९९४

ती. आजीस गिरधरचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आईनं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, त्यामुळे ते अर्ध्या कॉलनीला मिळालं असं समज.

विसरलो नव्हतो. काम तडीला गेल्यावर लिहू म्हणून थांबलो होतो. इंजिन काढलं हे खरं, बिबडेही खरे. ही गाडी आता डिझेलवर नाही, बॅटरीवर चालणार आहे. एका गोदामातली माल उचलायची बॅटरीची गाडी भंगारात निघाली, तिची मोटार मी आणली. मोटार जळालेली होती, पण पाइपच्या कारखान्यात माझं कामच मोटारी पुन्हा भरायचं, तेव्हा तिचं वायंडिंग घरीच केलं. कारखान्यातला माझा मित्र भिकन पूर्वी मेटॅडोरवर ड्रायव्हर होता. त्यानं लेथवर जोड काढून दिला आणि मोटार जुन्या गिअरबॉक्सला बसवली. खाटेखाली ट्रकच्या आठ बॅटऱ्या येतील. धूर नाही, आवाज शिवणयंत्राएवढा.

कशासाठी, ते तू विचारशीलच. गेल्या उन्हाळ्यात तू म्हणालीस की बिनधुराची गाडी निघाली तर धुळ्याला जाईन, आणि हसलीस. मी तेव्हा हसलो नव्हतो, आठवून बघ.

होळीला गाडी घेऊन येतो. भागाआजीला एवढा निरोप दे. बन्सीलालभाऊंना नमस्कार.

तुझा
गिरधर


पहूर, ता. ६ फेब्रुवारी १९९४

चि. गिरधर यास आशीर्वाद, आणि भिकनलाही थोडे.

पत्र बन्सीलालभाऊंनी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला मोटार कळली नाही, दुसऱ्यांदा त्यांना. पण धूर नाही एवढं दोघांनाही कळलं.

ही हौस तुझ्या रक्तातच आहे. माझ्या लग्नात धुळ्याहून पाचोऱ्यावरून सरळ आगगाडी होती. पण सासऱ्यांनी नवी बैलजोडी घेतलेली, ती वाटेवरच्या गावांना दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडेना. म्हणून वरात बैलगाडीनं आणली. वाटेत पाच मुक्काम पडले. तेव्हा तू काय करतोस याचं मला नवल नाही, नातू कुणाचा हे दिसतं.

माझ्या अटी ऐकून ठेव. खाटेला कडेनं फळी हवी, मी गडगडते. खिडकी पडल्या पडल्या बाहेर दिसेल इतकी खाली हवी. थुंकायला भांडं. गाडीची पूजा करायची तर हळदकुंकू वाहा, उदबत्ती लावू नको, तोही धूरच. आणि खरं सांगायचं तर घाई कर. भागाबाईचं जेवण आता वाटीभर पेजेवर आलंय.

तुझी
आजी


पिंप्राळा, ता. ३१ मार्च १९९४

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

होळीला तू गाडीत बसून वेशीपर्यंत जाऊन आलीस आणि एकदाही खोकली नाहीस, हे मी इथे सगळ्यांना सांगितलं. तू मात्र उतरून एवढंच म्हणालीस की गादी कडक आहे. गादी बदलतो.

एका भरण्यात गाडी चाळीस किलोमीटर जाते. पुन्हा भरायला नऊ तास लागतात, आणि पहूरला दोन दिवस लाइटच नव्हती. रजा संपली म्हणून गाडी तुझ्या खळ्यात ठेवून मला एसटीनं परतावं लागलं. आता मशीनदुरुस्तीमुळे मेअखेरपर्यंत मला सुट्टी नाही. भिकन मेच्या पहिल्या आठवड्यात येईल आणि तोच तुला धुळ्याला नेईल.

एक काम आहे. उन्हाळ्यात बॅटऱ्यांना पाणी लागतं. गाडीत पाण्याचा पांढरा कॅन ठेवलाय. बन्सीलालभाऊंना म्हणावं, आठवड्यातून एकदा झाकणं उघडून बघा आणि कमी असेल तेवढं घाला.

तुझा
गिरधर


पहूर, ता. १८ एप्रिल १९९४

चि. गिरधर यास आशीर्वाद.

तुझी गाडी खुशाल आहे. खळ्यात येणारा जाणारा तिला बघून जातो. कुणी विचारतं हिला वैरण काय, मी सांगते हिला फक्त पाणी लागतं.

पाण्याची तू काही काळजी करू नको. तुझ्या त्या कॅनमधलं पाणी शिळं होतं. कधीचं भरलेलं, प्लास्टिकमध्ये कोंडलेलं. मी एक घोट घेऊन पाहिला तर चव म्हणून नाही. शिळं पाणी आपण दारी आलेल्या माणसाला देत नाही, बैलालाही देत नाही, मग जी मला बहिणीकडे नेणार तिला कशी देऊ? ते मी तुळशीला ओतलं. रोज सकाळी विहिरीचं ताजं पाणी काढून गाळून बन्सीलालभाऊंच्या हातानं आठही बॅटऱ्यांना काठोकाठ पाजते. ते आठवड्याचं काहीतरी म्हणत होते. मी म्हटलं, तहान काय आठवड्यातून एकदा लागते?

भागाबाईच्या सुनेचं, सुमनबाईचं कार्ड आलं. म्हातारी खाट ओट्यावर टाकायला लावते आणि रस्त्याकडे तोंड करून पडते. गाडी वाजली की मान वळवते. आपली गाडी वाजत नाही हे तिला कळवायचं राहिलं.

तुझी
आजी


पिंप्राळा, ता. २५ एप्रिल १९९४

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

भिकन रविवारी तुझ्याकडे येऊन बॅटऱ्या तपासून गेला. तुला काही बोलला नाही, कारण तू त्याला जेवायला वाढत होतीस. ते मला लिहावं लागतंय.

कॅनमधलं पाणी शिळं नव्हतं, मुद्दाम तसं केलेलं होतं. उकळून, वाफ धरून, त्यातला क्षार काढून टाकलेलं. म्हणूनच चव नव्हती. आपल्या विहिरीच्या पाण्यात भांड्यावर पांढरा थर बसतो ना, तोच बॅटरीच्या आत बसतो. शिवाय काठोकाठ भरल्यामुळे आतलं तेजाब उतू गेलं. आठातल्या दोन बॅटऱ्या गेल्यात जमा आहेत, बाकीच्या थकल्यात. गाडी आता जेमतेम सत्तावीस किलोमीटर जाईल. नव्या दोन घातल्या तर जुन्या सहा त्यांना ओढून खाली आणतात.

चूक माझी आहे. साधं पाणी चालत नाही हे मी लिहिलंच नाही. मला ते इतकं माहीत होतं की सांगायचं सुचलं नाही.

मला वाटतं, आपण दिवाळीपर्यंत थांबू. तोवर आठही नव्या घेतो आणि मी स्वतः नेतो. रागावू नकोस.

तुझा
गिरधर


पहूर, ता. २९ एप्रिल १९९४

चि. गिरधर यास आशीर्वाद.

पत्र ऐकून दोन दिवस मी खळ्याकडे फिरकले नाही. बन्सीलालभाऊ दोनदा येऊन परत गेले. माझ्या हातानं मी माझीच वाट अडवली, आणि तीही गाळून गाळून.

आज उत्तर सांगते. दिवाळी भागाबाईला दिसायची नाही. हे तुलाही ठाऊक आहे, म्हणून तू दिवाळीचं पटकन लिहून पुढे गेलास.

गाडी सत्तावीस किलोमीटर जाते म्हणतोस. आमची बैलगाडी दिवसाला तेवढीच जायची, तरी मी पहूरला पोचलेच ना? मुक्काम मला पाठ आहेत: पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव, नेरी. तेच उलटे धर. सगळीकडे आपले सोयरे आहेत आणि प्रत्येकाच्या विहिरीवर मोटार, म्हणजे लाइट आहे. बैल सोडायचे तशी गाडी सोडायची, रात्रभर भरायची, सकाळी उन्हाआधी निघायचं. नेरीला पुतणी, पाळधीला तुझ्या आईचा मामा, एरंडोलला अभिमन, पारोळ्याला कमल. चौघांना कार्डं गेली आहेत. त्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलंय की गाडीला पाणी दाखवायचं नाही.

पारोळ्याच्या पुढचं मात्र मला काही सांगता येत नाही. त्या वाटेवर गाव कुठलं, विहीर कुठली, मी पाहिलंच नाही. धुळ्याहून निघाले ते पदर तोंडावर घेऊन पारोळ्यापर्यंत रडत होते. तेवढा टप्पा भिकननं बघून घ्यावा.

त्याला पाच तारखेला पाठव.

तुझी
आजी


धुळे, ता. १४ मे १९९४

चि. गिरधर यास धुळ्याहून अनेक आशीर्वाद.

हे पत्र सुमन लिहिते आहे. मी बोलते त्यापेक्षा ती जास्त गोड लिहिते असा मला संशय आहे, म्हणून दर ओळ वाचून घेते.

पारोळ्यापर्यंत सगळं मुक्काम धरून झालं. मध्ये तुझ्या दारी एक रात्र होते, तेव्हाच तू माझी नवी गादी टाकलीस. ती बरी आहे. ट्रक आला की भिकन गाडी बाजूला घेऊन काचा लावायचा आणि धूर बसला की निघायचा. एरंडोलला अभिमननं गाडीला ओवाळलं, उदबत्तीशिवाय. पारोळ्याला कमलनं बॅटऱ्यांच्या पेटीला तिचं स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावून झोपली. माझी कीर्ती माझ्या पुढे चालत होती.

पारोळ्याहून धुळं एका भरण्यात गाठू, उतार आहे, असं भिकनला वाटलं. गाडी फागण्याला पोचली आणि हळू हळू होत थांबली. ना आवाज, ना झटका. मला वाटलं त्यानं मुद्दाम थांबवली. पुढे अजून तीन कोस. लाइट संध्याकाळी येणार असं गावात कळलं, म्हणजे भरून निघायचं तर दुसरा दिवस. आणि आदल्याच दिवशी पारोळ्याला सुमनचा निरोप पोचला होता की म्हातारीनं पेज सोडली.

भिकन ट्रॅक्टर आणायला निघाला. ट्रॅक्टर पुढे, दोर मागे, आणि दोराच्या टोकाला मी, सगळा धूर माझ्या तोंडावर. मग गाडीचा एवढा खटाटोप कशाला केला? मी म्हटलं, बैल आण. त्याला फार लाज वाटली. म्हणाला, गिरधरची बॅटरीची गाडी बैलांमागे बघून लोक हसतील. मी म्हटलं, हसू दे, त्यांचा काय धूर निघतो? तिथल्या उखर्डू पाटलांनी दोन जोड्या दिल्या आणि स्वतः कासरा धरून चालत आले. चार तास लागले. भिकन स्टिअरिंगला बसून मान खाली घालून होता. रस्त्यावरची माणसं खरंच हसली, मग ओढायला पण आली.

मी मात्र तुझ्या त्या खाली केलेल्या खिडकीतून सगळं बघत आले. बाभळी, कोरडा नाला, एक देऊळ, विटांची भट्टी. साठ वर्षांपूर्वी हेच रडून घालवलं होतं. उघड्या डोळ्यांनी आत्ता पाहिलं.

भागाबाई ओट्यावर होती. गाडी वाजली नाही, पण बैलांच्या घुंगरांनी तिनं मान वळवली. मला लग्नात गाडीत बसवून देताना तीच शेवटपर्यंत मागे चालत आली होती. आता तिनं आधी बैलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, मंजुळे, अजून तेच बैल शेतस का वं? मला इतकं हसू आलं की अखेर दमा लागलाच. तिच्या खाटेवर तिच्या शेजारी निजून तो बसवला. तिनं पाठ चोळून दिली. त्या दिवशी वाटीभर पेज घेतली, काल दीड.

डॉक्टर फार काही बोलत नाहीत. आम्हीही विचारत नाही. गाडी दारात उभी आहे, बॅटऱ्या भरलेल्या आहेत, पण मी आता इथून हलत नाही. भागाबाईचं जे होईल ते माझ्यासमोर होऊ दे. भिकनला एसटीनं पाठवते, त्याला रागावू नको. आणि त्या दोन बॅटऱ्यांसाठी मी चुकले, हे सुमनला ठळक लिहायला सांगितलंय.

माया आहे ती वाढवत जावी, आणि उत्तर यावेळी वेळेवर टाकावं.

तुझी आजी
मंजुळाबाई (अंगठा)

ता. क. आम्हा दोघींत मिळून दोनच दात, तेही माझे, तेव्हा बिबडे नकोत. तुझ्या आईला म्हणावं, दराबा करून पाठव, लाडू सैल वळ, तूप हात राखून घालू नको. भागाबाईनं नाव काढलंय. भिकन परत येईल त्याच्याबरोबर दे आणि त्याच दिवशी केलेला दे. शिळा चालायचा नाही, तो माणसांसाठी आहे, बॅटऱ्यांसाठी नाही.