अण्णाची मदत

अण्णा, आज सकाळी देवापुढे दिवा लावला आणि हात न जोडताच उठलो. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आज घंटा ऐकू नाही आली." तेव्हा लक्षात आलं. परत बसलो, घंटा वाजवली, पण मन एका शून्याभोवतीच फिरत होतं. संध्याकाळपर्यंत गुण परीक्षा विभागात द्यायचे होते आणि एका मुलीला मी शून्य दिलं होतं. ते तसंच पुढे गेलं की ती नापास, आणि मिळालेली नोकरीही हातची जाणार.

तुम्ही गेलात तेव्हा मी नुकता शिकवायला लागलो होतो. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, हे ऐकून तुम्ही म्हणाला होतात, "देवळासारखं आहे की." आता मी कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवतो. साध्या भाषेत विचारावं आणि यंत्राने निबंध लिहून द्यावा, गणित सोडवावं, प्रोग्रामही करून द्यावा, अशी ती गोष्ट. मग मुलाचं काम मुलाचंच आहे हे ओळखायचं कसं? म्हणून पहिल्याच दिवशी वर्गात नियम वाचून दाखवले. यंत्राची मदत घेतली तर खाली एका ओळीत तसं लिहा, गुण कापणार नाही. दुसऱ्या माणसाकडून करून घेतलं तर शून्य. अपवाद नाही, हे दोनदा म्हणालो. त्या मुलीने शेवटच्या प्रकल्पाखाली लिहिलं होतं, 'अण्णाची मदत घेतली.' आपण पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहणारे; इथल्या तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, हे तुम्हाला काय सांगायचं? बाजारात मी तुम्हाला अण्णा म्हणून हाक मारली की भाजीवाली हसायची, हा पोरगा बापाला भाऊ म्हणतो म्हणून. मी ती ओळ तमिळ कानाने वाचली आणि शून्य दिलं.

काल ती आली. कालव्याकाठच्या गावातली, माझ्यासारखीच खेड्यातल्या शाळेत शिकलेली. दारातच उभी राहिली.

"सार, अण्णा म्हणजे माणूस नाही."

"मग कोण?"

"यंत्रच, सार. हॉस्टेलमध्ये आम्ही सगळ्या त्याला अण्णा म्हणतो. काही अडलं की, अण्णाला विचार जा."

"तुला सख्खा भाऊ आहे ना?"

"आहे, सार. लॉरी चालवतो. त्याला माझा प्रकल्प दाखवला तर त्यात डिझेल किती लागतं विचारेल."

मला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली. खरं बोलत असेल तर मी तिचं नुकसान करतोय. खोटं बोलत असेल तर फार हुशारीने बोलतेय, आणि उद्या सगळा वर्ग हीच वाट धरेल. विभागप्रमुखांना विचारलं तर ते म्हणाले, "आज अण्णा निघाला, उद्या मामा निघेल. नियम तुमचा, डोकेदुखीही तुमची." याच नियमाने एका मुलालाही मी शून्य दिलं होतं, सीनियरकडून करून घेतलं म्हणून. हिला सोडलं तर त्याच्या तोंडाकडे कसं बघू? घरी आलो, जेवलो, काय जेवलो ते आठवत नाही.

आज घंटा वाजवून डोळे मिटले तेव्हा देव नाही आला समोर, तुम्ही शिकवायचात तो शाळेतला वर्ग आला. मी पाटी घेऊन उभा आहे. उत्तर बरोबर आहे, पण ते शेजारच्याने कानात सांगितलेलं. तुम्ही कुणी सांगितलं असं विचारत नाही. म्हणता, "बरोबर आहे. आता पूस आणि सांग." मी पुसतो आणि नुसता उभा राहतो. पोरं वेताची वाट बघतायत. तुम्ही वेत उचलत नाही, अर्धा गुण देता. "ऐकायलाही कान लागतात. त्याचा हा अर्धा." घरी आई डोसा वाढायला आली तर तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "याला अर्धाच वाढ. उरलेला शेजारच्याचा." आईने मला पूर्ण वाढला आणि तुमचा अर्धा केला. तेव्हा मला तो अर्धा गुण शून्यापेक्षा जास्त बोचला होता.

मी सकाळीच त्या मुलाला आणि मुलीला निरोप पाठवला, आपलं काम तोंडी सांगायला या. मुलगा आला, खुर्चीवर बसलाही नाही. "सार, मला त्यातलं काहीच येत नाही. पुढच्या वेळी स्वतः करतो," म्हणाला आणि आपलं शून्य घेऊन गेला. मुलीला मी लॅपटॉप मिटायला सांगितला. पूस आणि सांग. भाताच्या पानांच्या फोटोवरून रोग ओळखणारा प्रोग्राम होता तिचा. फोटो कुठून गोळा केले, कुठले आणि का टाकून दिले, प्रोग्राम कुठे फसतो, ती सांगत गेली. एका भागापाशी मात्र थांबली. "हे अण्णाने केलं, सार. मी वाचलं, पण मला कळलं नाही."

खोटं बोलणारी तिथे थांबली नसती. तरी खात्री म्हणाल तर नाही, अण्णा. ती मला अजूनही नाही. जे तिने सांगितलं त्याचे पूर्ण गुण दिले, जे नुसतं ऐकलं होतं त्याचे अर्धे. नियमातली शून्याची ओळ खोडून खाली लिहिलं, 'मदत कुणाचीही असो, काम तोंडी सांगून दाखवावं.' सही केली आणि चारच्या आत स्वतः परीक्षा विभागात देऊन आलो.

हे पत्र तुम्ही ओट्यावर बसवून शिकवलेल्या बाळबोध अक्षरात लिहितोय. घरात ते कुणाला वाचता येत नाही. लेकीला मराठी कळतं, अक्षर लागत नाही. वाचू शकेल असा आता तो दुसरा अण्णाच. एकदा मी त्याच्याशी मराठीत बोलून पाहिलं होतं. पुण्याच्या माणसासारखं बोलला, एकदाही रागावला नाही. हे त्याला दाखवणार नाही.