तेवीस वेळा तीच ओळ

दादा,

मी हल्ली एका सभागृहात पियानो ढकलायचं आणि खुर्च्या लावायचं काम करतो. काल दुपारी वाजवणाऱ्या बाई सरावाला आल्या. साठीच्या असतील. नॉक्टर्न नावाची एक हळुवार चाल, त्यातली एकच ओळ त्यांनी तेवीस वेळा वाजवली. मला वाटलं, अडल्या. जवळ जाऊन म्हणालो, "बाई, जमत नसेल तर सोडा ना. कुणाला कळतंय इथं!"

त्या हसल्या. "जमतंय रे, म्हणून तर सोडवत नाही."

संध्याकाळी कार्यक्रमात ती ओळ आली तेव्हा सगळा हॉल श्वास रोखून बसला. मग सोनाटा नावाची मोठी रचना सुरू झाली, तर त्याच बोटांनी नुसतं तुफान उठवलं! पडद्यामागे उभ्या उभ्या मला तू आठवलास.

आपल्या सुतारकामाच्या दुकानात तू एकाच फळीवर चौथ्यांदा रंधा मारायला लावलास, तेव्हा मी तो आपटून घर सोडलं. तू छळतोयस असंच वाटलं होतं. माझा हात चांगला होता, म्हणून तू सोडत नव्हतास का रे?

हे टपालात टाकत नाही. तू उत्तर धाडणार नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. शनिवारी हे घेऊन मीच येतोय. हवं तेवढं रागाव, पण कामावर घे.

तुझा,
उंडगा