दादाच्या गुन्ह्यांची यादी

सोमवार, ३ फेब्रुवारी

ट्रॅक्टर आला. ट्रकवर दोरखंडानं बांधून. दोन महिन्यांपूर्वी दादानं बाबांनाही असंच आणून सोडलं होतं — एक ट्रंक, एक काठी, औषधांची पिशवी. आज फोनवर म्हणतो, "दोन्ही तुझेच लाडके. दोन्ही तूच सांभाळ." शेत विकलं, शहरात फ्लॅट घेतला, आणि वर ही जीभ!

ट्रॅक्टरमध्ये दमच नाही. रिकामी ट्रॉली लावली तरी माझ्या दुकानासमोरच्या चढावर धापा टाकतो. माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे हा ट्रॅक्टर. बाबांनी तळहातावरच्या फोडासारखा जपला, आणि दादाच्या हातात जाऊन त्याची ही दशा. बाबा ओट्यावरच्या खुर्चीतून आवाज ऐकत होते. म्हणाले, "त्यानंच मारलं इंजिन."

सोळा तारखेला बाबांना ऐंशी पूर्ण होतात. सगळे नातेवाईक माझ्याकडे जेवायला. तोवर हे इंजिन खोलणार, दादाचा एकेक गुन्हा कागदावर उतरवणार आणि जेवणाआधी सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. वीस वर्षं पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करतेय मी. इंजिन माझ्याशी खोटं बोलत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गुन्हा पहिला — डिझेल फिल्टर. बदललेला नसणारच. उघडला. नवा कोरा! टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकसुद्धा तारेनं साफ केलेलं. पहिली ओळ खोडली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

एअर क्लीनर. भांड्यातलं तेल स्वच्छ, बरोबर खुणेपर्यंत. एवढं तरी चुकायचं होतं मेल्यानं!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दोन दिवस दुकानाचं काम बाजूला ठेवून इंजिनाशी झटतेय. सायलेन्सर काढला — काजळीनं चोंदलेला नाही. नोझल तपासले — फवारा धुक्यासारखा बारीक. व्हॉल्व्हचं अंतर जिथल्या तिथे. शेवटची आशा कॉम्प्रेशनवर होती. चारही सिलिंडर ठणठणीत. हे वय आणि हे आकडे! हातातला पाना फेकला, तो माझ्याच पायावर पडला.

वहिनीचा फोन आला, सोळाला काय काय आणू म्हणून. ट्रॅक्टरचा विषय निघाला तर म्हणाली, तुमचे दादा दर रविवारी त्याच्याशीच असायचे, मला कधी एवढं विचारलं नाही. मी दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला.

यादीत अजून एकही गुन्हा नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

बाबा दर तासाला विचारतात, सापडलं का. त्यांना मजा येतेय. मलाही येत होती, खोटं कशाला बोलू.

आज त्यांनी जुनं सगळं उकरून काढलं. शेजाऱ्याकडे हाच ट्रॅक्टर, हेच मॉडेल. त्याचं शेत दुपारी नांगरून व्हायचं, आमच्या दादाला अंधार पडायचा. बाबा बांधावर उभं राहून मजुरांसमोर त्याची अब्रू काढायचे — तुझ्यापेक्षा बैल बरे होते, तुला अंथरुणातून उठायलाच दुपार होते. तो खाली मान घालून नांगरत राहायचा. मी डबा घेऊन जायचे आणि हसायचे. मला वाटायचं, बाबांचं बरोबरच आहे. दादा सगळ्यातच मंद.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सापडलं.

माझ्या कानानं मला गंडवलं. पंपाचं इंजिन मिनिटाला पंधराशे फेरे फिरतं, जन्मभर तेवढंच. तो आवाज माझ्या डोक्यात बसलाय. हा ट्रॅक्टर पूर्ण रेसवर तोच आवाज काढत होता, म्हणून तिकडे मी बघितलंच नाही! आज रंग खरवडून इंजिनावरची पट्टी वाचली. पूर्ण रेसवर एकवीसशे फेरे. मीटर लावून मोजलं — चौदाशे ऐंशी.

मग रेसच्या दांड्यापासून मागोवा काढत गेले. दांडा शेवटाला टेकतो, पण इंजिनाला डिझेल सोडणाऱ्या पंपाचा हात दोन बोटं अलीकडेच थांबतो. मधला रॉड काढला, तोही खरवडला. कापून, मध्ये तुकडा घालून वेल्डिंग केलेलं. वर कानस मारून गुळगुळीत, वर रंग. बघणाऱ्याला वाटावं कंपनीतूनच असा आला. पंपाचा हात बोटानं पुढे ढकलला, तर इंजिन असं गरजलं की फळीवरचे डबे थरथरले.

गुन्हा मिळाला! पेन उचललं. आणि मग हात थांबला. दादाला वेल्डिंग येत नाही. आमच्या घरात वेल्डिंगच्या मशीनला एकच माणूस हात लावायचा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी चहाबरोबर रॉड बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मासुद्धा मागितला नाही.

"डिझेल वाचायचं," म्हणाले. "पोरगा ट्रॅक्टर शिकला, तेव्हाच जोडला. पूर्ण रेस दिली की पितो तो."

"आणि दादाला बांधावरून ज्या शिव्या दिल्यात?"

"शिव्यांना डिझेल लागत नाही."

आणि हसले. चहा मागितला अजून. मी दिला नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

नवा रॉड केला. ट्रॉलीत दगड भरले, काठोकाठ. तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढला, मध्ये एकदाही न अडखळता. वर पोचून इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. तीस वर्षं! तीस वर्षं त्यानं गळा दाबलेल्या इंजिनावर नांगर ओढला. दर रविवारी हात काळे करून तेच इंजिन जपलं, आणि सोमवारी पुन्हा आळशी ठरला. मीही ठरवलं. बाबांना माझ्या दारात सोडताना तो ओट्यावरसुद्धा चढला नव्हता, तेव्हा मी त्याला उलट्या काळजाचा म्हटलं होतं.

राग गेलेला नाही. उलट वाढलाय. फक्त त्याचं तोंड फिरलंय.

रविवार, १६ फेब्रुवारी

सगळे जमले. ताटं मांडायच्या आधी मी कापलेला रॉड दादाच्या हातात दिला आणि काय सापडलं, तो जोड कुणी घातला ते सांगितलं. तो बराच वेळ जोडावरून अंगठा फिरवत राहिला. मग कुणाकडेच न बघता म्हणाला, "म्हणजे मी हळू नव्हतो."

बाबा म्हणाले, वाढा आता, भूक लागली.

मी त्यांच्यासमोरचं ताट उचललं. "आधी त्याला सांगा," म्हटलं. "उभं राहून. सगळ्यांना ऐकू जाईल असं."